मापाचं झंपर

बजाजनगर, मंगळवार

तीर्थरूप आईला तनुजाचा नमस्कार.

इथं सगळं बरं आहे. शिवणक्लासला जाते, आता कागदी कटिंग जमतंय. पहिल्या कुर्त्याच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या, तर हे लई हसले. तो कुर्ता आता फरशी पुसायला घेतलाय.

दिवाळीला तुझं जुनं झंपर न विचारता पिशवीत घालून आणलं. तू शोधत बसली असशील. तुझं-माझं माप एकच, म्हणून त्यावरूनच कागद कापला. माझं झंपर नीट बसलं. मग वहिनीच्या डोहाळजेवणासाठी तुझंही शिवलं, जांभळ्या खणाचं. घालून बघितलं मीच. म्हटलं, मला बसलं म्हणजे आईला बसंल.

परवा व्हिडिओ कॉलवर तू पदर सावरायला हात वर केलास आणि बांगड्या पार कोपराला गेल्या. आई, त्या साबण लावल्याशिवाय चढत नव्हत्या. दिवाळीत तुझ्या हातचं पोटभर खाऊन आले, पण तुझ्याकडं धड बघितलं नाय मी.

फोनवर विचारलं की 'मला काय धाड भरलीय' म्हणून तू विषय बदलतीस, म्हणून लिहितेय. जेवण जातं का? दवाखान्यात दाखवलं का? दादाला ठाऊक आहे का?

झंपर पाठवत नाय. बाजूच्या शिवणी उसवून कच्चा दोरा घातलाय. शनिवारी टेप घेऊन मीच येते. माप घेताना श्वास भरून अंग फुगवू नकोस. मला कळंल.

तुझीच,
तनू