टोकाची गाठ

सातारा,
११ डिसेंबर

प्रिय धैर्यशीलदादा,

नमस्कार. काठी घेऊन अंगणापर्यंत जातोस, असं क्रांतीवहिनी म्हणाल्या. बरं वाटलं. इकडं थंडी मरणाची आहे. फोन असताना कागद कशाला काळा करतेस, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच हसवतोस आणि मी सटकते. आज सटकायचं नाही.

तू विचारलं होतंस, "दहा वर्षं रॅपलिंग शिकवलं, पण त्या शब्दाचा अर्थ काय गं?" शोधला. शब्द फ्रेंच आहे. अर्थ, परत बोलावणं. माणसाला नव्हे, दोराला. दीडशे वर्षांपूर्वी आल्प्सच्या डोंगरातल्या एका वाटाड्यानं ही युक्ती काढली म्हणतात. दोर वर नुसता ओवून दुहेरी सोडायचा, दोन्ही पदरांवरून कडा उतरायचा आणि खालून एक पदर ओढायचा. अख्खा दोर मागोमाग खाली येतो. आपण तेच करत होतो, नावाचं कोडं तेवढं राहिलं होतं.

दोर परत आला नाही की काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. उतरणारा दोरावरून निसटू नये म्हणून मारलेली टोकाची गाठ दोर ओढण्याआधी सोडायची असते. गेल्या वर्षी मी ती सोडायला विसरले, ती फटीत अडकली आणि आपण अर्ध्या कड्यावर तीन तास लटकलो. तू गाणी म्हणत होतास. दोर अडकण्याची तेव्हा जी भीती बसली, ती आजतागायत गेलेली नाही. कुणाला बोलले नाही. शिकवणारीच भ्याली म्हटल्यावर पोरी दोराला हात लावतील का?

परवा तू कळवलंस, आपला गिर्यारोहणाचा क्लब सोडला. "ज्याला गाठ मारल्याचं आठवत न्हाई, त्याच्या भरवशावर कुणी उतरू नये." ते वाचल्यापासून जेवण जात नाही मला. वहिनींनी पाठवलेला चटणीचा डबा तसाच आहे. त्या म्हणतात, "तू हुतीस म्हणून ह्ये वाचले." दादा, त्यांचा फोन आला की मी घाबरते. उचलते, पण घाबरते.

अपघाताच्या दिवशी वाघजाईच्या कड्यावर आधी मी उतरले आणि मधल्या कपारीवर थांबले. वर तू एकटा. दोराची टोकं माझ्या खाली दहा फूट लोंबत होती. तेवढ्यात धुकं चढलं. मला वाटलं, आता हा दोर पुन्हा अडकणार. तू येईपर्यंत धीर निघेना. मी टोकं वर ओढली, गाठी सोडल्या आणि टोकं परत खाली टाकली. तू कपारीवरच थांबशील, हे मी धरूनच चालले.

तू धुक्यात डावीकडं सरकलास. माझ्यापासून दोन हातांवरून कपारीच्या खाली गेलास. मी ओरडले, पण वारा होता. गाठ असती तर टोकाशी अडकला असतास. मोकळी टोकं तुझ्या हातातून निसटली आणि तू तीस फूट खाली कारवीच्या झुडपांत पडलास.

दवाखान्यात शुद्धीवर येऊन तू पहिलं विचारलंस, "गाठ मारली हुती न्हवं मी?" आणि मी म्हणाले, "मला दिसली नाही, दादा."

मारली होतीस. दोन्ही टोकांना. इतक्या पक्क्या की सोडताना माझं नख मोडलं. तुझ्या हातांनी काही चुकवलं नाही.

याच पत्राची नक्कल क्लबला आजच टाकली आहे. आता मला कोण दोरावर घेईल, पोलिसांत जावं लागेल का, काही कळत नाही. पण सगळ्यात जास्त भीती वहिनींची वाटते. त्यांना हे तूच वाचून दाखव. रविवारी सकाळच्या एसटीनं इस्लामपूरला येते. दाराबाहेर उभी राहीन. आत घ्यायचं की नाही, ते वहिनींनी ठरवावं.

गोळ्या वेळेवर घे.

तू मारलेली गाठ सोडणारी,
रेश्मा