‘आर’च्या आधीचा थांबा

मंगळवार, संध्याकाळ

घरी येऊन चहा झाला, तरी डोक्यातून जात नाही. हॅकर फसावेत म्हणून लॅबमध्ये मी जो खोटा कॉम्प्युटर लावून ठेवलाय, त्यात आज सकाळी अकराला कुणीतरी घुसलं. मी तेव्हा वर्गात शिकवत होतो, भरल्या वर्गासमोर.

टायपिंगच्या लयीवरून माणूस ओळखता येतो, यावर माझी पीएचडी. माझ्या विद्यार्थिनीने, हेतलने, त्या घुसणाऱ्याची लय तपासली आणि हसायलाच लागली. "सर, आ तो तमे ज छो!" खरंच मीच. ‘आर’ दाबण्याआधीचा बारीक थांबासुद्धा माझाच. लहानपणी बाबांना कारखान्यात डबा द्यायला गेलो आणि तिथल्या लूममध्ये, मागात, डावी तर्जनी चेपली, तेव्हापासूनचा.

तिला म्हटलं, चूक माझीच आहे. दुसऱ्यांचे नमुने मागायला संकोच वाटायचा, म्हणून पीएचडीच्या वेळी स्वतःच्याच टायपिंगचा नमुना सगळ्यांसाठी खुला ठेवून दिला होता. कुणीतरी तो उचलून प्रोग्रामला शिकवला असणार. तिला पटलं. मलाही पटलं होतं.

ती गेल्यावर दोन्ही थांबे शेजारी-शेजारी लावून पाहिले. जुन्या नमुन्यातला छोटा आहे. आज घुसणाऱ्याचा जवळजवळ दुप्पट. मग मी स्वतः टाइप केलं. आजच्याइतकाच आला. योगायोग? आणखी दोनदा केलं. तेवढाच.

दिवाळीपासून ते बोट जास्त आखडतं. हे मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.