पेपर नसलेल्या दिवसाची बातमी

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

अपेक्षानं आज डोकं फिरवलं. नात आहे म्हणून ऐकून घेतलं. मोबाईल माझ्या नाकाला लावला आणि म्हणते, "आबा, हे बघा! अलास्कात एक मांजर गावाचं मेयर होतं! मानाचं पद, वीस वर्षं!"

म्हटलं, अगं बये, ही बातमी मी न्हावऱ्याच्या थांब्यावर सांगितली तेव्हा तू पहिलीत होतीस.

"आबा, तुम्ही एसटीत कंडक्टर होता का चॅनेलवर?"

आमची विठाबाई आतनं ओरडली, "दोन्ही!" तिघंही हसलो. मग मला मेहमूद आठवला आणि चहा गोड लागेना.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अपेक्षा म्हणते मनात ठेवू नका, लिहा. लिहितो. दुसरं काम काय आहे!

पहाटेची पहिली गाडी, दौंड–शिरूर. मेहमूद ड्रायव्हर, मी कंडक्टर. २००५ ते २०१४, नऊ वर्षं एकच जोडी. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला उस्ताद. पुण्याचे पेपर रेल्वेनं दौंडला उतरायचे आणि मधल्या गावांचे गठ्ठे आमच्या गाडीनं जायचे. ते मेहमूदच्या सीटमागं. पारगाव आलं की हा खिडकीतनंच गठ्ठा खाली द्यायचा, तसाच न्हावऱ्याला. मी गठ्ठ्याला कधी हात लावला नाही. आपला पेपर आपण स्टेशनवरच्या स्टॉलवर घ्यायचा, गाडी सुटायच्या आत चाळायचा. राजकारण वाचायचं नाही, खून-मारामाऱ्या नाहीत. आतल्या पानावर कोपऱ्यात चौकट असायची — जगातल्या गमतीची. तेवढीच वाचायची.

न्हावऱ्याला दहा मिनिटं चहा. धुरपदाची टपरी. लोक खाली उतरायचे, पण चहा बाजूला ठेवून आधी मला विचारायचे, "मास्तर, आज दुनियेचं काय?"

मग मी सुरू! ऑस्ट्रेलियात सरकारनं इमू पक्ष्यांवर मशीनगन घेऊन फौज धाडली आणि फौज हरून परत आली. नॉर्वेच्या सैन्यात पेंग्विनला हुद्दा आहे, साहेब येऊन त्याला सलामी देतात. अमेरिकेत मळीची टाकी फुटली, रस्त्यानं मळीचा लोंढा आला आणि एकवीस माणसं गेली. ही शेवटची सांगितली तेव्हा पाटसच्या साखर कारखान्यातला एक माणूस गाडीत होता. तो खुळ्यागत बघायला लागला. म्हणाला, "मास्तर, मी रोज त्या टाकीखाली डबा खातो की वो!"

मेहमूद काही बोलायचा नाही. बशीतला चहा संपवायचा. "च्यायला, दुनिया!" म्हणायचा आणि हॉर्न द्यायचा. कॉलेजची पोरं, बाजारच्या बाया, दूधवाले — सगळे पळत गाडीत. काय दिवस होते! आता त्याच गाडीत जो तो मोबाईलमध्ये मान घालून. शेजारी कोण बसलंय तेही ठाऊक नसतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

न्हावऱ्याला तेराव्याला गेलो होतो. येताना धुरपदाकडं चहा घेतला. म्हातारी झाली, हात अजून तसाच, आलं ठेचून घालते. कप देता देता म्हणाली, "ड्रायव्हरमामा चाललं की वो शिरूर सोडून. तुमास्नी ठावं न्हाई?"

"कुठं?"

"अफताब हाय न्हवं नाशकाला, थोरला. त्याच्याकडं. दिवाळी झाली की. कायमचंच म्हणं."

चहा निम्मा टाकला. अकरा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. पण शिरूरला आहे, तासा-दीड तासावर आहे, हे डोक्यात असायचं. कधीतरी जाऊ. कधीतरी! नाशिकला गेला की संपलंच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

चूक माझी. लिहूनच टाकतो.

वर्षातनं पाच-सहा दिवस पेपर निघत नाही. सणाची सुट्टी असते छापखान्याला. दिवाळीचा पाडवा, दसऱ्याचा दुसरा दिवस, पंधरा ऑगस्टचा दुसरा दिवस. पण लोक न्हावऱ्याला उतरून विचारणारच, दुनियेचं काय? पहिल्या वर्षी बोलून गेलो एक थाप. खपली! मग सवयच लागली. नऊ वर्षांत पन्नासेक थापा तरी मारल्या असतील. एका बेटावर बकरी टपाल वाटते. एका गावात नवरा-बायकोनं भांडायचं असेल तर नदीच्या दोन काठांवर उभं राहूनच भांडायचं, असा कायदा. कुणाला संशय म्हणून आला नाही. मेहमूद तर त्या दिवशी जास्तच रंगायचा! एरवी "च्यायला, दुनिया" म्हणून मोकळा. थापेच्या दिवशी नेमका विचारायचा, "मग? फुडं काय झालं?" मला घाम फुटायचा. बनवलेल्याला पुढं कुठनं आणू? पण आणायचो.

त्यातलीच एक — जपानात ड्रायव्हर रिटायर झाला की त्याच्या गाडीचं स्टेअरिंग काढून त्याला घरी देतात.

३१ मे २०१४. मेहमूदचा निरोप समारंभ. शाल, नारळ, भाषणं. तो उठला. चार माणसांत कधी न बोलणारा माणूस! म्हणाला, "साहेब, अठ्ठावीस वर्षं गाडीला खरचटू दिलं न्हाई. शाल ऱ्हाऊ द्या. माझ्या गाडीचं स्टेअरिंग द्या. ती भंगारातच चाललीया. जपानात देत्यात. मास्तरनं पेपरात वाचलंय."

साहेब माझ्याकडं वळले. "काय हो, कुठल्या पेपरात?"

आणि मी! मला वाटलं आता पुरावा मागतील, सगळं उघडं पडेल. हसून मोकळा झालो. म्हटलं, "अहो साहेब, ती मी मारलेली थाप आहे."

अख्खा हॉल हसला. मेहमूद शाल काखेत मारून निघून गेला. नारळ टेबलावरच.

नंतर विठाबाईला बाजारात त्याची बायको रशिदा भेटली होती. म्हणाली, "हे रोज घरी येऊन पोरांना मास्तरच्या गोष्टी सांगायचे. आता जास्मिन विचारते, अब्बा, त्यातली खरी कुठली? ह्यांना उत्तर देता येत नाही." ते ऐकल्यापासून त्याच्या दारात जायचं तोंड राहिलं नाही मला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ठरलं! वही करायची. ज्या बातम्या खऱ्या तेवढ्या लिहून मेहमूदला धाडायच्या. जास्मिनला दाखव म्हणावं — एवढ्या तरी खऱ्या होत्या, मास्तर अगदीच लबाड नव्हता. अपेक्षा मोबाईलवर तपासून देणार. दोनशे पानी वही आणली.

रविवार, १२ ऑक्टोबर

इमू — खरं. पेंग्विन — खरं. मळी — खरं, १९१९ सालातलं, बोस्टन शहर. अपेक्षानं फोटोच दाखवला. कारखान्याच्या त्या माणसाला दाखवायला पाहिजे होता. ऑक्टोपसला तीन काळजं — खरं. विठाबाई म्हणाली, "तुमाला एक असतं तरी बास झालं असतं त्या दिवशी." जेवण गेलं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

बोंबला! चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते — खोटं! हे मी छापील वाचलं होतं हो! शपथेवर सांगतो! अपेक्षा म्हणते, पेपरात आलं म्हणून खरं असतं का आबा. मग काय असतं?

आणि ह्याच्या उलट. पंधरा ऑगस्टनंतरची एक थाप होती — जर्मनीत कुत्र्याला अर्धं तिकीट फाडतात. मला ती एका बाईच्या कोंबड्या बघून सुचली होती. तर अपेक्षा म्हणते, खरं आहे, रेल्वेत मोठ्या कुत्र्याला लहान मुलाचं तिकीट लागतं! म्हणजे छापलेलं खोटं आणि मी मारलेली थाप खरी. आता वहीत काय लिहायचं?

कुत्रं घेतलं. चीनची भिंत गाळली. सगळ्या थापा गाळल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

अपेक्षानं भीत भीत सांगितलं, जपानचं स्टेअरिंग शोधलं, कुठं सापडत नाही. म्हटलं, सापडणार कसं? मीच केलं ना ते. पण मनातनं वाटलं होतं, सापडावं. वेडाच आहे मी. कुत्र्याचं सापडतं, मग ह्याचं काय जात होतं?

बुधवार, १५ ऑक्टोबर

वही पुरी झाली. एकशे सोळा बातम्या. शेवटी लिहिलं — "उस्ताद, ह्या सगळ्या खऱ्या. बाकीच्याबद्दल माफ कर. हौसराव." खाली मोबाईल नंबर.

पहाटे स्टँडवर गेलो. पहिल्या गाडीला हल्ली प्रगती नावाची पोरगी कंडक्टर आहे. चटपटीत. वही कागदात बांधून तिच्या हातात दिली. म्हणाली, "शिरूरला मेहमूदमामांना ना? स्टँडवर रोज येतात की ते. गाडीला हात लावून जातात." गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत उभा होतो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

फोन नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस. फोन नाही. मोबाईल चालू आहे का म्हणून अपेक्षाला मला फोन करायला लावला. चालू आहे.

शनिवार, १८ ऑक्टोबर

वही परत आली.

प्रगतीनं खिडकीतनं दिली. तोच कागद, तीच सुतळी, गाठ तेवढी दुसरी. म्हणजे उघडून बघितली. पानं चाळली, कुठं एक अक्षर नाही. "काय म्हणाला का?" विचारलं. म्हणाली, "मास्तरला दे म्हणाले फक्त."

अकरा वर्षांचा राग एकशे सोळा खऱ्यांनी जात नाही तर. बरं. आपण आपलं केलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

विठाबाई म्हणते, "उठा आन् जावा की तिथं. वह्या कसल्या धाडताय बाईमाणसागत!" म्हटलं, त्यानं वही परत केली, आता दार लावून घेतलं तर? म्हणाली, "मग दारात बसा." हिला सगळं सोपं वाटतं.

गेलो नाही. स्टँडपर्यंत गेलो. शिरूरची पाटी लागली, लोक चढले, गाडी गेली. परत आलो आणि हिला सांगितलं की गाडी चुकली. आणखी एक थाप.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहिली अंघोळ. अपेक्षानं उटणं लावून दिलं. फराळाचा एक डबा विठाबाईनं न विचारता बाजूला भरून ठेवला. वर चकल्या जास्त. मेहमूदला चकली लागायची, दर दिवाळीला त्याच्या सीटशेजारी डबा असायचा आमचा. आणि ईदला रशिदाचा शीरखुर्मा न्हावऱ्यापर्यंत माझ्या मांडीवर. कुणासाठी भरला, विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. उद्या पेपर नाही. सकाळी करायचं काय माणसानं!

बुधवार, २२ ऑक्टोबर

सातला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज होता.

"मास्तर, वही अर्धीच धाडली. म्हणून परत केली."

मी म्हटलं, उस्ताद, खऱ्या तेवढ्याच लिहिल्या.

"खऱ्या कुणी मागितल्या? त्या पेपरात हुत्याच, कुणीबी वाचल्या असत्या. मी घरी सांगायचो त्या दुसऱ्या. बकरी कुठाय? नदीवरची भांडणं कुठायत? जास्मिनच्या पोरीला सांगायच्यात मला."

"उस्ताद, पण त्या—"

"आरं, गठ्ठा माझ्या सीटमागं असायचा का तुझ्या? ज्या दिवशी गठ्ठा न्हाई त्या दिवशी मास्तर बातमी कुठनं आणतोय, ते मला कळत नव्हतं व्हय? नऊ वर्षं कळत हुतं. कुणाला बोललो का?"

मग हळू म्हणाला, "स्टेअरिंग मला पायजेच हुतं रे. म्हटलं, मास्तर पन्नास थापा मारतो, एक माझ्यासाठी मारंल."

मागं रशिदा भांडी बांधत असावी, आवाज येत होता.

मग म्हणाला, "आज गठ्ठा आला न्हाई. सांग, दुनियेचं काय?"

सांगितली. संपल्यावर म्हणाला, "मग? फुडं काय झालं?"

म्हटलं, फोनवर नाही. पुढचं तिथं येऊन सांगतो. डबा घेतला आणि निघालो.