पाळणा रिकामा नेऊ नये

३ ऑक्टोबर
वही सुरू केली. शाळेत चौथीपर्यंतच गेले, पुढचं मेंढ्यांनी शिकवलं. पण आनंद कुठेतरी लिहायला हवा! धाकट्या लेकीला, बेगाइमला, मुलगा झाला. ती डोंगरापलीकडे तलासला असते. रविवारी त्याला पाळण्यात घालायचंय. आमच्यात पाळणा आईकडच्या आजीने न्यायचा आणि बाळाला त्यात ठेवून बांधायचंही तिनेच. माझ्या हातांनी! सकाळपासून हातांना लोणी चोळतेय.
बेगाइमच्या सासूचा, सायराकानचा, फोन आला. म्हणे, विहीणबाई, वेळेवर या हो, पाहुण्यांची दुपारची पंगत बसायच्या आत बाळ पाळण्यात हवं. मी म्हटलं, मी काय पायी येणारे? आमच्या मेलिसची गाडी आहे.

५ ऑक्टोबर
मेलिसच्या गाडीची डिकी उघडून पाहिली. लाज वाटली. फावडं, दोर, बॅटरी आणि गंजक्या साखळ्या. माझा मुलगा, पन्नाशीला आला, आणि गाडीत खायला एक दाणा नाही! घाटात अडकलो तर दोर चावायचा का?
ठरवलं. गाडीची व्यवस्था मी बघणार. त्याला सांगायचं नाही, पुरुष उगाच घाबरतात.

६ ऑक्टोबर
रोट्या भाजल्या. दह्याचे सुके गोळे, मेंढीची चरबी, लोण्याचा डबा, चहाचा थर्मास, दोन लोकरी नमदे, माझे हिवाळी बूट, यांचे हिवाळी बूट (हे जाऊन अकरा वर्षं झाली, पण बूट चांगले आहेत). आणखीही बरंच.
मेलिस म्हणाला, अपा, आपण बाळ बघायला चाललोय की गाव सोडून? मी म्हटलं, तुझा बाप घोड्यावरून जायचा तरी याच्या दुप्पट घ्यायचा. तो म्हणाला, घोडा चारा खायचा, ही पेट्रोल खाते. आईला उलट बोलायची सवय लहानपणापासून आहे त्याला. गोड वाटतं.

८ ऑक्टोबर
जागा कमी पडली. विचार केला, निरुपयोगी काय आहे? साखळ्या. नुसत्या खडखडतात. बर्फात चाकांना बांधतात म्हणे, पण ऑक्टोबरात कुठला बर्फ? कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवल्या. त्या जागेत चरबी अगदी मापात बसली.
पाळण्याचा प्रश्न मात्र मोठा. रिकामा पाळणा हलू नये, अपशकुन असतो, हे कुणालाही ठाऊक आहे. आणि घाटात तर तो हलणारच. मग डोकं चालवलं. कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, बाटल्या पाळण्यात घातल्या, गादीवर नीट, बाळासारख्या गुंडाळून. बुचं दाताने घट्ट केली, सांडायला नको. शकुनही सांभाळला, जागाही वाचली.
मेलिस म्हणाला, वाटेत सुसामिरला दर वळणावर घोडीचं दूध विकायला बसलेत, आणि तू घरून नेतेस? मी म्हटलं, ते विकायचं, हे आपलं.
शिकले असते तर मंत्री झाले असते.

९ ऑक्टोबर, सकाळ, घाटात
बर्फ. यावेळी लवकर पडला, त्याची चूक.
बोगद्याच्या अलीकडे पोलीस उभा आहे. साखळ्या असतील ते पुढे, नसतील ते रस्ता साफ होईपर्यंत इथेच. मेलिसने डिकी उघडली, बराच वेळ चरबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, अपा, घोड्याला नाल नाही, पण खोगिरात मेजवानी आहे.
मी म्हटलं, बघ, अडकलोच ना? म्हणूनच तर खाणं घेतलं!
आणि किती उपयोग झाला! मागच्या ट्रकवाल्याला रोटी दिली, पुढच्या गाडीतल्या म्हातारीला नमदा. पोलिसालाही चहा दिला. तो म्हणाला, आजी, देव तुमचं भलं करो. मी विचारलं, मग सोडतोस का? म्हणाला, नाही.
बाळासाठी गाडीत ऊब हवी म्हणून हीटर पूर्ण सोडायला लावलाय. बाळ गाडीत नाही, असं मेलिस म्हणतो. पण पाळणा आहे ना.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
पहिला बार झाला तेव्हा वाटलं, टायर फुटला. पोलीस खाली वाकला. मग दुसरा. मग बाकीच्या सगळ्या बाटल्या.
उंची, उष्णता आणि माझी घट्ट बुचं, असं मेलिस म्हणाला. त्याच्या मिशीतून कुमिस गळत होतं. बोलला ते एवढंच. शहाणा मुलगा आहे.
गादी, उशी, मी शिवलेली बांधायची पट्टी, सगळं ओलं. आंबट वास. पण कुमिस तब्येतीला चांगलं, बाळाची हाडं बळकट होतील. वाळेल. उन्हात धरलं की लगेच वाळेल. ऊन नाहीये.

त्याच दिवशी, संध्याकाळ, तलास
पंगत उठली होती.
सायराकानने दारातच नाक मुरडलं, मग माझा मुका घेतला. म्हणाली, विहीणबाई, किती वाट बघायची? पाहुणे खोळंबले, पोर रडून निळं झालं. शेवटी माझ्या मुलांचा जुना पाळणा काढला. मीच घातलं.
बेगाइम म्हणाली, अपा, तुझा पाळणा उद्या धुऊया हं.
मला काही वाईट वाटलं नाही. खरं म्हणजे घालणं सोपं, कुणीही घालतं. महत्त्वाचं असतं ते पाळण्यातून उचलणं. पहिल्यांदा उचलतो त्याच्यावर बाळ जातं, असं मी लहानपणी ऐकलंय. बहुतेक ऐकलंय. ते मी करणार. सायराकानला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो हो, बसा.
पाळण्याशेजारी बसले आहे. काय गाढ झोपलाय! नाक थेट माझं. उठेलच आता.

१० ऑक्टोबर
माझाच डोळा लागला. जागी झाले तर सकाळ होती, पाळणा रिकामा, आणि बाळ सायराकानच्या मांडीवर हसत होतं.
माझ्या अंगावर कुणीतरी बाळाचं पांघरूण घातलं होतं. गुडघ्यापर्यंतच पुरत होतं, पण ऊब छान होती.