कंडम म्हणाल तर खबरदार

उंब्रज,
गुरुवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

चिरंजीव वीरधवल यास मनूआक्काचे पोटभर आशीर्वाद.

चिरंजीव म्हणवून घ्यायचं तुझं वय राहिलेलं नाही, केस तर मागेच सोडून गेले. पण थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला याखेरीज दुसरं काय लिहायचं ते आमच्या शाळेत शिकवलेलं नव्हतं, आणि पुढे जन्मभर मी त्याच शाळेत शिकवलं, त्यामुळे सुधारणेला वाव राहिला नाही. तुझा गुडघा कसा आहे? साखर? सकाळी फिरायला जातोस म्हणे. चालत जातोस, की गाडीने बागेपर्यंत जाऊन आत तेवढा चालतोस? (रागावू नकोस, उत्कर्षाने सांगितलं. बायको घरातल्या गोष्टी नणंदेला सांगत नाही असं समजणाऱ्या पुरुषांपैकी तू एक आहेस, तसाच राहा.) इकडे आम्ही उभयता ठीक. ह्यांचा खोकला फौजेतून आला तसाच आहे, त्याला पेन्शन तेवढी मिळत नाही.

तर आता मुद्द्याचं. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच आणि मगच उत्कर्षाला हाक मार.

विषय बाबांच्या लाल गाडीचा. तुझ्या मते तो चार महिन्यांपूर्वीच संपला होता. तसा तो माझ्याही मते संपत आला होता, आणि तो पुन्हा कुणी उकरून काढला ते पुढे येईलच. फलटणला हक्कसोडपत्रावर सही करायला तू मला बोलावलंस, पेढे आणलेस, साडी आणलीस (साडी चांगली होती, रंग मात्र तूच निवडला असणार), आणि मी म्हटलं की साडी राहू दे, शेडातली बाबांची गाडी तेवढी मला दे, तेव्हा तू हसलास. तू हसलास म्हणून कचेरीतला तो कारकूनही हसला. वास्तविक त्याला गाडी कुठली, शेड कुठली, काही ठाऊक नव्हतं. ‘ने की आक्का, तेवढंच शेड मोकळं होईल,’ असं तू म्हणालास. हे तुझे शब्द आहेत आणि ते सांगायला माझ्याकडे साक्षीदार आहेत. जमिनीवरची सही मी माझ्या मर्जीने केली, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (थोडी आहे. पण ती वेगळ्या पत्रात.)

गाडी फलटणहून उंब्रजला आणायची कशी हा पहिला प्रश्न. चारही टायर जमिनीशी एकरूप झालेले, टपाच्या ताडपत्रीत उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेलेल्या. शेवटी आमच्या शेजारचा कृष्णात आपला ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली घेऊन आला, गड्यांनी मिळून गाडी उचलून ट्रॉलीत ठेवली, वरून ताडपत्री ताणून बांधली, आणि आम्ही दोघं आमच्या ओम्नीतून पुढे निघालो. (होय, ओम्नी मी चालवत होते. हे शेजारी बसून ब्रेक मारत होते. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, पण फौजेत ट्रक चालवलेला माणूस, पाय राहत नाही.) निम्म्या वाटेवर मागे बघितलं तर कृष्णात नाही. फोन लावला तर उचलत नाही. परत फिरलो. हंगामाचे दिवस, वाटेत कारखाना. आणि कृष्णातचा ट्रॅक्टर गेली कित्येक वर्षं ट्रॉली भरली की कारखान्याकडेच वळणारा. कृष्णात गाणी ऐकत होता, ट्रॅक्टर वळला. आम्ही पोचलो तेव्हा बाबांची गाडी मागे-पुढे उसाच्या ट्रॉल्या घेऊन थेट वजनकाट्यावर चढलेली आणि खिडकीतला काटेवाला विचारतोय, ‘जात कुठली उसाची?’

कृष्णात म्हणाला, ‘ऊस न्हाई, गाडी हाय.’

‘गाडी असंल तर बैलगाड्यांच्या काट्यावर जा की गड्या, हितं कशाला मधीच घुसलायस?’

‘बैलाची न्हाई वो. आक्कांच्या वडलांची.’

यावर मागच्या ट्रॉलीवाल्यांनी जी आरडाओरड केली ती मी पत्रात लिहू शकत नाही. शेवटी काटेवाला खाली उतरला, ताडपत्रीचं टोक उचलून आत इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं आता दंड होतोय. मग म्हणाला, ‘लय दिसांनी बगितली. ही लालासाहेबांची बिनछपराची न्हवं?’ बाबांना जाऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांची गाडी अजून ओळखली जाते, वीरधवल. आणि तू म्हणतोस शेड मोकळं झालं.

घरी आणल्यावर मतं गोळा करण्यात आठवडा गेला. ह्यांनी तर हाताची घडी घालून गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बोनेटवर टिचकी मारली, तिथला पोपडा निघाला तो हातावर घेऊन बघितला आणि निकाल दिला: ‘कंडम.’ फौजेत तपासणी बोर्डाने एकदा कंडम म्हटलं की त्यावर अपील नसतं म्हणे. मी म्हटलं, इथे असतं. मग हायवेच्या कडेला ज्यांचं गॅरेज आहे त्या हुसेनभाईंना बोलावलं. हुसेनभाईंचा स्वभाव असा, की ते गाडीला हात लावण्याआधी तिचं सांत्वन करतात. पत्र्यावरून हात फिरवत फिरवत ते एकेक भाग बघत होते आणि प्रत्येक भागाशी थांबून म्हणत होते, ‘हे गेलं.’ ‘हेबी गेलं.’ ‘ह्याचं तर काय बोलूच नका.’ शेवटी उठून हात पुसत म्हणाले, ‘आवं बाई, इंजन जाम हाय, पर मेलं न्हाई. खरं सांगू का? परवडायचं न्हाई. ह्या पैशात दोन नव्या येतील.’ मी विचारलं, मग करू नको म्हणता? तर म्हणाले, ‘करू नका असं कुठं म्हनलो? परवडायचं न्हाई असं म्हनलो.’ (या दोन वाक्यांत काय फरक आहे त्यावर मी त्या रात्री बराच विचार केला. ह्यांना विचारलं तर ते झोपले होते.)

गावाने पण मतं दिली, विचारली नव्हती तरी. कुणी म्हणालं लग्नात भाड्याने द्या, कुणी म्हणालं धाब्याच्या दारात उभी करा, लोक फोटो काढतात. एकाने तर तिच्यात माती भरून गुलाब लावायचं सुचवलं. तुला खोटं वाटेल, पण माझंही मन मोडत चाललं होतं. पत्र्याला जिथे बोट लावावं तिथे बोट आरपार जात होतं. मी हिशेबी बाई आहे, मुलांना हिशेबच शिकवला. हट्टापायी पेन्शन घालवायची हे बरं नव्हे, असं ठरवून मी भंगारवाल्याला बोलावणं धाडलं आणि तो सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. हे तुला आजवर सांगितलेलं नाही. गाडी खरोखरच जाणार होती. मी तिच्यातलं उंदरांचं सामान काढून तिला बाहेरून पाणी मारून घेतलं होतं, कारण भंगारात द्यायची झाली तरी आपल्या घरातून पारोशी कशी पाठवायची.

आणि मग संध्याकाळी तुझा फोन आला.

तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, कारण तू बोलत असताना पलीकडे उत्कर्षा टीव्हीचा आवाज कमी कर म्हणत होती. तू आधी माझं वय सांगितलंस. (मला माहीत होतं.) मग या वयात हे शोभतं का, ते विचारलंस. मग लोक काय म्हणतील, ते सांगितलंस. इथपर्यंत मी हो-हो करत होते. म्हटलं सांगून टाकावं की बाबा रे, उद्या भंगारवाला येतोय, तू झोप. आणि तेवढ्यात तू म्हणालास, ‘आक्का, तू तर त्या गाडीत कधी बसलेलीसुद्धा नाहीस. तुला तिचं एवढं काय?’

खरं आहे. नाही बसले. गाडीला सीटा दोन होत्या. एकीवर बाबा आणि दुसरीवर तू. तू मांडीएवढा होतास तेव्हापासून ती जागा तुझी. तुम्ही फलटणच्या बाजाराला गाडीने जायचात, आणि आई आणि मी मागून एसटीने. आणि बाजारात पोचल्यावर आम्ही तुम्हाला शोधायचो, कारण पिशव्या आमच्याकडे असायच्या. माझ्या लग्नाच्या वेळी मी एकदाच, एकदाच बाबांना म्हटलं होतं की मला पाठवणीला लाल गाडीतून पाठवा. बाबा म्हणाले, ‘बिनछपराच्या गाडीतनं नवरी? डोक्यावरचा पदर उडंल की, पोरी.’ मग मला जीपमधून पाठवलं, खिडक्यांना पडदे लावून, आणि लाल गाडी तू चालवत होतास, माझ्या पुढे, माझ्याच वरातीत, मिसरूड फुटायच्या आत. तुझी धूळ खातच मी सासरी आले. तेव्हा मला राग नाही आला. तेव्हा वाटलं, असंच असतं.

राग त्या संध्याकाळी फोनवर आला. इतक्या वर्षांचा एकदम आला. ‘बरं, जेव आता’ म्हणून फोन ठेवला आणि जाऊन गाडीत बसले. सीट फाटलेली, खालून स्प्रिंग टोचत होती. वर आभाळ होतं. बसल्यावर ती इतकी खाली आहे हे मला माहीतच नव्हतं रे. जमिनीवर बसून जग बघितल्यासारखं वाटतं. हे कंदील घेऊन आले (टॉर्च असताना कंदील का आणला ते त्यांनाच माहीत), माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडायला गेले. ते दार त्यांच्या हातात आलं. ते दार हातात धरूनच माझ्या शेजारी बसले.

सकाळी भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. त्यामुळे बाबांची गाडी वाचवण्याचं श्रेय कुणाला द्यायचं असेल तर ते तुला. तुझा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला असता तर आज तिच्या सळया झाल्या असत्या.

मग सुरू झालं. कुठला भाग कुठून मागवला, त्यातला कुठला चुकीचा आला, इंजिन सोडवायला हुसेनभाईंनी कुठलं तेल किती दिवस घालून ठेवलं, हे मी सांगत बसले तर तुझी साखर वाढेल. एक सांगते. हुसेनभाईंच्या गॅरेजशेजारी त्यांच्या बायकोचं, ताहेराभाभींचं, सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. सीटा घेऊन त्यांच्याकडे गेले. आजवर ज्याने त्याने मला एकच विचारलं होतं, की नीट करून विकणार कुणाला. ताहेराभाभींनी टेप काढली आणि सीटचं नव्हे, माझं माप घ्यायला लागल्या. पाठ किती, गुडघ्यापर्यंत किती. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाल्या, ‘चालवनार तुमीच न्हवं? मग तुमच्या पाठीला नगं का बसायला?’ वर म्हणाल्या, ‘मला बी एक फेरी मारून आना. ह्यांनी जल्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालू केल्या, मला काय कुटं नेलं न्हाई.’ हुसेनभाई गाडीखाली होते. ते बराच वेळ गाडीखालीच राहिले.

गेल्या सोमवारी इंजिन सुरू झालं. आधी खोकली, मग काळा धूर काढला, मग गॅरेजमधल्या कोंबड्या हायवेपार गेल्या, आणि मग ती जी गरजली म्हणतोस! ह्यांनी सावधान उभं राहून सलाम ठोकला. (कंडम म्हणणाऱ्या माणसाने.) मी विचारलं, आता काय म्हणता? तर म्हणाले, ‘बोर्डाचा निर्णय फिरवण्यात येत आहे.’

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर लिहिते, म्हणजे गावात कुणी विचारलं तर तुला सांगता येईल. गाडी नीट करणं परवडतं का? नाही. तिची किंमत निघेल का? नाही. या वयात शोभतं का? अजिबात नाही. करणार का? झाली की. मला तुझ्या जमिनीचा तुकडा नको, तुझी मदत नको, तुझा सल्ला तर नकोच नको. मला तुझ्याकडून या जन्मात काहीही नको आहे.

तूप पाठवते आहे, ते खा. साखरेला तूप चालतं, डॉक्टर काही म्हणोत.

तुझी, कुणाचंही न ऐकणारी थोरली बहीण,
मनू

ता. क. एक मागायचं राहिलं. गाडीला सगळं बसलं, फक्त स्टीअरिंगचं चाक नाही. ते तुझ्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरात, हॉलमध्ये टीव्हीच्या वर, बाबांची आठवण म्हणून, खिळ्याला लटकतंय. चाकाशिवाय गाडी सरळच जाते, आणि हायवे तेवढा सरळ नाही. तरी कृपा करून ते पाठवून दे. विनंती समज.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. हे पत्र पाकिटात घालणार इतक्यात तुझी लेक शिवांजली सांगलीहून एसटीने उतरली, चादरीत गुंडाळलेलं चाक काखेत घेऊन. कंडक्टरने विचारलं तर परात आहे म्हणाली. पोरीला रागावू नकोस. चाक तिने परवा रात्रीच उतरवलं होतं; तू काल दिवसभर त्याच हॉलमध्ये होतास आणि तुला भिंत मोकळी दिसली नाही, यातच सगळं आलं.

ता. क. शेवटचा, शुक्रवारी. चाक कालच बसवलं, आणि हे पत्र आता शिवांजलीच्याच हाती देते आहे. रविवारी सकाळी आम्ही सांगलीला तुमच्याकडे येतोय. पहिल्या फेरीवर ताहेराभाभींचा हक्क होता, ती काल कराडपर्यंत झाली. दोघी पदर उडवत गेलो आणि उडवत आलो. हुसेनभाई म्हणतात ब्रेक लागतो, पण जरा सावकाश लागतो. तरी गेट उघडं ठेव, आणि अंगणातली तुझी नवी गाडी तेवढी आदल्या दिवशीच दुसरीकडे नेऊन लाव.