परीक्षेची फी कोणी भरायची, याबद्दल व्हर्ना टॉबचे शेवटचे म्हणणे

मी, व्हर्ना लुईस टॉब, वय ७९, धंदा केस कापणे व सेट करणे, राहणार हॅरोज फोर्क, राज्य इंडियाना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा धाकटा भाऊ ऑर्विल याला तो दाखला पटणार नाही, पण त्याला कोणी विचारलेले नाही. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, मोटार व चांदीचे चमचे माझी एकुलती मुलगी डेलिया हिला द्यावेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. ऑर्विलला माझ्या दुकानातला टोपवाला ड्रायर द्यावा. त्याखाली बसले की समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. शाळा मंडळाचा अध्यक्ष असताना त्याला हे ड्रायरशिवायही जमत असे.

कलम ३. दुकानाची इमारत विकून येणारी रक्कम व बँकेतील ठेव यांचा निधी करावा. आमच्या हायस्कूलमधले जे मूल कॉलेजच्या तोडीच्या विषयाची परीक्षा देईल, किंवा वेल्डिंग, रुग्णसेवा, केशकर्तन अशा कामाच्या परवान्याची परीक्षा देईल, त्याची फी या निधीतून भरावी. अर्ज मागू नये. बापाच्या पगाराचा दाखला मागू नये. नापास झाल्यास वसुली करू नये.

याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

१९९८ साली डेलिया सतरा वर्षांची होती. वर्षभर कॉलेजच्या तोडीचे कॅल्क्युलस शिकली. परीक्षेत पाचपैकी पाच मिळवील आणि विद्यापीठात तो विषय तिला माफ होईल, असे तिच्या बाई म्हणत. तोवर सगळ्या परीक्षांची फी शाळाच भरायची. त्या वर्षी ऑर्विलच्या मंडळाने ती बंद केली, आणि त्याच सभेत फुटबॉलच्या मैदानासाठी दिव्यांचा नवा गुणफलक मंजूर केला. मी उभी राहिले.

"ऑर्विल, फलकाला पैसे आहेत आणि पोरांच्या परीक्षेला नाहीत?"

"फलक अख्खं गाव बघतं, व्हर्ना. परीक्षा एकटं पोर देतं. ज्याचा फायदा, त्यानं भरावं."

"आणि वेल्डिंगवाल्या पोरांचं काय?"

"ज्या कारखान्याला वेल्डर हवेत, त्यानं भरावं."

कारखान्याचा मॅनेजर मागेच बसला होता. "आम्ही? अहो, शिकवायचं काम शाळेचं!"

"राज्यानं भरावं," कोणीतरी ओरडले. यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण राज्य त्या खोलीत हजर नव्हते.

मी सह्यांची मोहीम काढली. बेसिनमध्ये ज्याने डोके घातले त्याची सही घेतली. कात्री माझ्या हातात असताना नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. एकशे चाळीस सह्या झाल्या. मला फार मजा येत होती, हे कबूल करते.

एका बुधवारी डेलिया दुकानात आली. "आई, फी भरायचा शुक्रवार शेवटचा दिवस. आपणच भरून टाकू या?"

"भरली की तुझा मामा जिंकला."

"मी मामाशी भांडत नाहीये गं. मला गणिताचा पेपर द्यायचाय."

"सोमवारी सभा आहे. थांब जरा."

ती थांबली. सोमवारी मंडळ नमले: पुढच्या वर्षापासून फी शाळा भरणार. माझा फोटो गावच्या वर्तमानपत्रात आला. पेपराच्या दिवशी मात्र डेलिया ग्रंथालयात बसून होती. ऑर्विलने आपल्या मुलाची फी मुकाट्याने भरली होती. तो पोरगा पेपरात झोपला आणि पाचपैकी एक मिळवून आला. माझ्याकडे फीचे पंच्याहत्तर डॉलर नव्हते असे नाही. दुकानाच्या खणात, केसांच्या रोलरखाली, ते ठेवलेले होते.

विद्यापीठात तिला तोच विषय पुन्हा, पैसे मोजून, पहिल्यापासून शिकावा लागला. त्यासाठी ती इस्पितळाच्या धोबीखान्यात राबली, आणि दुसऱ्या वर्षी थकून घरी परतली. तिला पूल बांधायचे होते. आज ती रस्तेखात्यात पुलांच्या तपासणीचे कागद टाइप करते, आणि इंजिनिअरांच्या आकडेमोडीतल्या चुका त्यांना न दुखावता दाखवते.

गेल्या वर्षी मंडळाने फी पुन्हा बंद केली. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात ऑर्विलची व माझी पुन्हा जुंपली. तो तेच बोलला, मीही तेच. डेलिया भोपळ्याची गोड पाई कापत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, "तुम्ही दोघंही बरोबर होतात. पेपर तेवढा माझा राहिला."

पंचवीस वर्षांत ती याबद्दल बोललेली एवढेच. मी माझे ताट तसेच बाजूला सारले. ऑर्विलने दुसऱ्यांदा वाढून घेतले.

कलम ४. येत्या मे महिन्यात परीक्षा देणाऱ्या एकतीस मुलांची फी मी जिवंतपणीच भरली आहे. पावती शाळेत आहे. माझा फोटो कोणी छापू नये.

कलम ५. या निधीमुळे शाळा, राज्य वा कारखाना यांची जबाबदारी सुटली असे समजू नये. फी कोणी भरायची हा वाद गावाने जरूर चालू ठेवावा. फक्त तो मुले पेपराला आत जाऊन वर्गाचे दार लागल्यावर सुरू करावा.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

व्हर्ना लुईस टॉब
हॅरोज फोर्क, ९ फेब्रुवारी २०२४

साक्षीदार:
१. मर्टल ओकेसन, शेजारीण
२. ड्यूई क्रॅनफिल, परवानाधारक वेल्डर