शेवटच्या गाडीचं दार

दादा,

आपली लाडकी सेडान कंपनीनं बंद केली. शोरूममध्ये शेवटची उभी आहे आणि आम्ही वेडे नुसतं तिचं दार लावून बघायला रांगेत आहोत. बाबा डोळे मिटून ऐकायचे, तोच मऊ, जड आवाज.

पुढच्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा दार लावलं तसा सेल्समन कुरकुरला, “काका, बिजागरी झिजेल.”

मागचे आजोबा म्हणाले, “झिजू दे की. आता हिला विचारतंय कोण?”

बाबा गेल्यावर त्यांची गाडी कुणी ठेवायची यावरून आपलं बोलणं तुटलं. तरी हे तुलाच सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला कळणार?

थांब. काचेपलीकडे तूच आहेस. आत आलास, आणि सवयीनं थेट रांगेच्या पुढे घुसतोयस.

पत्र खिशात घालतो. लोक ओरडायच्या आत सांगायला हवं, हा माझ्याबरोबर आहे.

तुझा,
धाकटा